पॉलिमर-सुधारित डांबराची साठवण-स्थिरता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘डांबर’ म्हणजे बिटुमेन, कोळशापासून निघणारे कोलटार नव्हे. पॉलिमर-सुधारित डांबराला कामावर सगळे म्हणतात तसे पुढे पीएमबी म्हटले आहे. प्रयोगशाळेत आणि प्लांटवर नव्याने आलेली मंडळी जे विचारतात, तेच प्रश्न घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण माल बिघडतो तो नेमका त्याच ठिकाणी.

स्थिरता म्हणजे मार्शल स्थिरताच ना?

नाही. मार्शल चाचणीत खडी आणि डांबराचा १०१.६ मिमी व्यासाचा ठोकून घट्ट केलेला नमुना ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात, मग मिनिटाला ५०.८ मिमी वेगाने दाबतात आणि तो जास्तीत जास्त किती भार पेलतो ते मोजतात. ती मिश्रणाची ताकद झाली. साठवण-स्थिरता पाहायची ती नुसत्या पीएमबीची: गरम टाकीत उभे असताना पॉलिमर सगळीकडे सारखे राहते की एका बाजूला गोळा होते.

दोघांचा संबंध एकतर्फी आहे. साठवण बिघडली की एकाच दिवशी निघालेल्या दोन ट्रकमधल्या मालाची ताकद वेगवेगळी होते. पण मार्शलचा आकडा चांगला आला म्हणून टाकीतला माल एकजीव आहे, असे अजिबात समजू नये.

पॉलिमर वेगळे का होते? एकदा नीट घोटले की झाले ना?

घोटल्याने पॉलिमर बारीक होते, विरघळत नाही. सगळ्यात जास्त वापरले जाणारे पॉलिमर म्हणजे एसबीएस, अर्थात स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन. त्याच्या साखळीची दोन्ही टोके कडक पॉलिस्टायरिनची आणि मधला भाग रबरासारख्या पॉलिब्युटाडाइनचा असतो. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंशांखाली कडक होते, त्यामुळे अनेक साखळ्यांची टोके एकत्र येऊन गाठी बनतात आणि मधले रबर त्या गाठींमध्ये ताणले जाते. रस्त्याला लवचिकता मिळते ती या जाळ्यामुळे.

डांबरातही चार प्रकारचे घटक असतात: संतृप्त तेले, सुगंधी तेले (रसायनशास्त्रातली ‘ॲरोमॅटिक’, वासाशी संबंध नाही), रेझिन आणि सगळ्यात जड असे अस्फाल्टीन. एसबीएस गरम डांबरात पडले की ते हलकी तेले, त्यातही सुगंधी तेले, स्पंजासारखी शोषून फुगते. स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट फुगते. अस्फाल्टीनलाही तरंगत राहायला तीच तेले आणि रेझिन लागतात. म्हणजे एकाच साठ्यावर दोघांचा डोळा. तेले पुरली नाहीत तर फुगलेले पॉलिमर एका बाजूला आणि अस्फाल्टीनने जड झालेले डांबर दुसऱ्या बाजूला, अशी फाटाफूट सुरू होते. एसबीएसची घनता ०.९४ च्या आसपास, तर डांबराची १.०१ ते १.०५, त्यामुळे पॉलिमर वर चढते.

मग कण आणखी बारीक केले तर ते चढणारच नाहीत?

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर आकडेमोड करूनच पाहावे. द्रवातला कण वर किंवा खाली जाण्याचा वेग स्टोक्सच्या नियमाने काढता येतो: तो घनतेतल्या फरकाच्या आणि कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या घट्टपणाच्या प्रमाणात कमी होतो. फुगलेल्या पॉलिमरमध्ये डांबरातलीच तेले असतात, म्हणून घनतेतला फरक घनमीटरला ५० किलो धरू. घट्टपणा अर्धा पास्कल-सेकंद धरू. १० मायक्रॉन व्यासाचा थेंब या हिशेबाने दिवसाला जेमतेम अर्धा मिलिमीटर चढतो. १०० मायक्रॉनचा थेंब मात्र दिवसाला जवळजवळ ५ सेंटीमीटर चढतो.

यातून खरा शत्रू कोण ते कळते. १० मायक्रॉनचा थेंब दोन दिवसांत फारसा कुठे जात नाही. तरीही माल दोन दिवसांत वेगळा झालेला आपण पाहतो. कारण थेंब एकमेकांना भेटतात, चिकटतात आणि मोठे होतात. दुप्पट मोठा थेंब चौपट वेगाने चढतो, वाटेत आणखी थेंब गिळतो. मिलने, म्हणजे पॉलिमर जोराने घोटून बारीक करणाऱ्या यंत्राने, केलेली बारकाई ही उसनी मुदत आहे. थेंब पुन्हा जुळणारच नाहीत असे काही करणे, म्हणजे डांबर आणि पॉलिमर यांची मुळातली जुळणी साधणे किंवा त्यांना रासायनिक बंधाने बांधून टाकणे, हाच टिकाऊ इलाज.

ट्यूब चाचणी कशी करतात?

साठवण-स्थिरता तपासायची ती याच चाचणीने. एएसटीएम डी ७१७३ या अमेरिकी मानकाप्रमाणे २५ मिमी व्यासाच्या आणि १४० मिमी उंचीच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये ५० ग्रॅम गरम पीएमबी ओततात, तोंड घट्ट दुमडतात आणि ट्यूब १६३ अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास उभी ठेवतात. मग न हलवता, उभीच, फ्रीझरमध्ये किमान ४ तास गोठवतात आणि तिचे तीन सारखे तुकडे करतात. मधला टाकून द्यायचा, वरच्या आणि खालच्या तुकड्याचा सॉफ्टनिंग पॉइंट (ज्या तापमानाला डांबर ठराविक इतके मऊ पडते ते) किंवा अन्य गुणधर्म मोजायचा. युरोपीय ईएन १३३९९ पद्धत जास्त कडक आहे, १८० अंश आणि ७२ तास. त्या प्रणालीत सॉफ्टनिंग पॉइंटमधला फरक ५ अंशांपर्यंत असेल तर माल उत्तम वर्गात बसतो.

ओव्हनमधून काढताना ट्यूब आडवी झाली तर चाचणी पुन्हा करा. ‘क्षणभरच कलली होती’ हे कारण चालत नाही.

फरक शून्य आला. आता निर्धास्त राहायचे?

इथे थांबून विचार करा. फरक शून्य येण्याच्या तीन वाटा आहेत आणि त्यातली एकच चांगली.

पहिली: माल खरोखर एकजीव आहे. दुसरी: पॉलिमर तापून तुटले आहे. तुटलेल्या साखळ्यांचे तुकडे डांबरात सहज मिसळतात, वर-खाली काही फरक उरत नाही, पण पीएमबी म्हणून ज्याचे पैसे मोजले ते गुणही उरलेले नसतात. तिसरी: वरच्या भागातले पॉलिमर ओव्हनमध्ये बिघडून मऊ झाले आणि खालचे डांबर वयाने कडक झाले, दोन चुकांनी एकमेकींना झाकले.

म्हणून नुसत्या फरकावर सही करू नये. ट्यूबमध्ये जाण्यापूर्वीच्या मूळ मालाचा सॉफ्टनिंग पॉइंट आणि लवचिक पुनर्प्राप्ती (ताणून सोडल्यावर माल किती परत आखडतो ते) त्याच कागदावर लिहा. ४८ तासांनी वरचा ६२, खालचा ६२ आणि मूळ माल ७४ असेल, तर फरक शून्य असूनही तो माल हातचा गेलेला आहे. शिवाय सॉफ्टनिंग पॉइंट हा जाळ्याचा ढोबळ अंदाज देतो. डीएसआर, म्हणजे डांबर दोन तबकड्यांत धरून पिळणारे यंत्र, असेल तर वरच्या आणि खालच्या तुकड्यावर एमएससीआर चाचणी करा, तीत वारंवार ताण देऊन सोडतात आणि माल किती परत येतो ते पाहतात. ३.२ किलोपास्कल ताणावरची टक्केवारीतली पुनर्प्राप्ती पॉलिमर कुठे जास्त आणि कुठे कमी आहे ते फार स्पष्ट सांगते.

सूक्ष्मदर्शक लागतोच का?

फ्लोरोसेन्स सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर जरूर वापरा. निळ्या प्रकाशात फुगलेला पॉलिमर पिवळसर चमकतो आणि डांबर काळे दिसते. काळ्यात पिवळे ठिपके दिसले तर डांबर मुख्य आणि पॉलिमर विखुरलेले. पिवळ्यात काळे ठिपके दिसले तर जाळे उलटून पॉलिमर मुख्य झालेले. साधारण ३ ते ४ टक्के एसबीएसला पहिले चित्र दिसते, ६-७ टक्क्यांच्या पुढे दुसरे. ५ च्या आसपास दोन्ही जाळी एकमेकांत गुंतलेली असतात आणि तो पट्टा साठवणीच्या दृष्टीने सर्वात लहरी.

नमुना काचपट्टीवर जोराने दाबू नका. दाबल्याने थेंब चपटे होऊन खोटे चित्र तयार होते.

डांबराचा पुरवठा बदलला तर तेच पॉलिमर, तीच कृती चालेल ना?

चालेलच असे नाही. या एका समजुतीने जितका माल बिघडला तितका दुसऱ्या कशाने बिघडला नसेल. दोन डांबरांची ग्रेड, पेनिट्रेशन (सुई किती खोल रुतते ते), सॉफ्टनिंग पॉइंट सगळे सारखे असूनही कच्चे तेल वेगळे असले की सुगंधी तेलांचे आणि अस्फाल्टीनचे प्रमाण वेगळे असते. ग्रेडच्या चाचण्या डांबर किती कडक आहे ते सांगतात. पॉलिमरला त्यात जागा आहे का, ते सांगत नाहीत.

मी स्वतः यात पोळलो आहे. महिनोन्महिने उत्तम चाललेली कृती होती, ट्यूबचा फरक एक अंशाच्या आत. डांबराची नवी खेप आली, कागदावर ग्रेड तीच, म्हणून ट्यूब न लावता माल बनवला. तिसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणातून बघितले तर वर रबरासारखा जाड थर तरंगत होता आणि खालच्या नळातून येणारा माल जवळजवळ साध्या डांबरासारखा पातळ. खालून पाठवलेला माल तोवर रस्त्यावर पडलाही होता. ते दोन दिवस वाचवले नसते तर बरे झाले असते. तेव्हापासून खेप बदलली की आधी ट्यूब, हा नियम मी कुणासाठीही मोडलेला नाही.

अस्फाल्टीन जास्त असलेल्या डांबराला थोडे सुगंधी तेल देऊन जागा करता येते. मात्र तेल जास्त झाले की पीएमबी मऊ पडते आणि चाकोऱ्या पडायचा धोका परत येतो, म्हणून प्रमाण चाचणीनेच ठरवावे.

सरळ साखळीचे एसबीएस घ्यावे की ताऱ्यासारखे शाखांचे?

शाखांचे एसबीएस त्याच टक्क्यात जास्त ताठर जाळे आणि जास्त सॉफ्टनिंग पॉइंट देते, पण त्याचे रेणू मोठे असतात. ते फुगायला वेळ लागतो आणि जुळणी अवघड जाते. सरळ साखळीचे लवकर मिसळते. टाकीची सोय यथातथा असेल आणि माल काही दिवस थांबणार असेल, तर मी सरळ साखळीचेच सुचवीन.

गंधक घालतात ते कशासाठी?

एसबीएसच्या मधल्या रबरी भागात दुहेरी बंध असतात. गरम डांबरात गंधक त्या बंधांपाशी जोडला जातो आणि साखळी-साखळीत, तसेच साखळी आणि डांबरातल्या काही रेणूंमध्ये पूल बांधतो. टायरच्या रबराला जसे व्हल्कनाइझ करतात, तशीच ही क्रिया, फार हलक्या हाताने केलेली. पूल बांधले गेले की थेंबांना जुळून मोठे होता येत नाही, आणि आधी पाहिलेला सगळा प्रवास मुळातच थांबतो. साठवण-स्थिरतेचा हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय आहे.

प्रमाण अगदी थोडे लागते, डांबराच्या वजनाच्या साधारण ०.०५ ते ०.२ टक्के. इथे हात सैल सुटला की जाळे इतके घट्ट होते की माल टाकीतच जेलीसारखा थिजतो, आणि तसा थिजलेला माल पुन्हा पातळ होत नाही. क्रमही महत्त्वाचा: आधी पॉलिमर पूर्ण फुगून पसरू द्या, मगच गंधक घाला आणि एक-दोन तास संथ ढवळत राहा. पॉलिमरच्या गुठळ्या असताना गंधक पडला तर त्या गुठळ्या कायमच्या बांधल्या जातात.

गंधकाचा धोका कितपत?

जिवाचा. गंधक आणि गरम डांबर यांच्या क्रियेत हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड आहे आणि टाकीच्या मोकळ्या भागात, खड्ड्यात, टँकरच्या झाकणाखाली साठून राहतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवेत दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास झाला की नाक बधिर होते आणि वास ‘गेल्यासारखा’ वाटतो. त्या वेळी धोका गेलेला नसतो, वाढलेला असतो. अनेक शे भागांवर माणूस काही श्वासांतच कोसळू शकतो.

झाकण उघडताना वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, अंगावर वायूमापक असल्याशिवाय टाकीवर चढू नका, आणि कुणी पडलेला दिसला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्या मागे खाली उतरू नका. वायू शोषून घेणारी जस्तयुक्त द्रव्ये मिळतात, त्यांनी वायू कमी होतो, पण मापकाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

गंधक नको असेल तर पर्याय?

आहेत. ग्लिसिडिल गट असलेली क्रियाशील इथिलीन टरपॉलिमर डांबरातल्या अस्फाल्टीनशी थेट रासायनिक बंध बांधतात, म्हणून १ ते २ टक्क्यांत काम होते आणि जोरदार मिलचीही गरज पडत नाही. क्रिया वेगाने व्हावी म्हणून थोडे पॉलिफॉस्फोरिक आम्ल देतात. मात्रा चुकली तर हेही थिजते.

पॉलिफॉस्फोरिक आम्ल एसबीएसबरोबरही वापरतात. डांबर कडक होते आणि पॉलिमर थोडे कमी लागते. मात्र खडीला डांबर चिकटून राहावे म्हणून अमाइन जातीचे द्रव्य घालणार असाल तर आम्ल आणि अमाइन एकमेकांना निष्प्रभ करू शकतात. दोन्ही एकाच कृतीत आणण्याआधी चाचणी हवीच.

मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेली पॉलिमरे डांबराशी अधिक सलगी करतात. सेंद्रिय प्रक्रिया केलेली मॉन्टमोरिलोनाइट माती पॉलिमरच्या थेंबात शिरली की थेंब थोडा जड होतो, घनतेतला फरक कमी होतो. प्रयोगशाळेत निकाल छान येतात. प्लांटवर मात्र मातीचे थर नीट सुटे होणे ही खरी कसोटी असते.

दुहेरी बंध काढून टाकलेले एसईबीएस ऊन आणि हवा जास्त सोसते, पण डांबराशी जुळवणे अवघड, आणि दुहेरी बंधच नसल्याने त्याला गंधकाने बांधताही येत नाही.

मिसळताना तापमान किती ठेवावे?

एसबीएससाठी १८० अंशांच्या आसपास. मिलमधून काढल्यावर लगेच माल पाठवू नका. संथ ढवळत काही तास मुरू द्या. २०० च्या वर नेऊ नका, साखळ्या तुटू लागतात. टाकीवरच्या थर्मामीटरवर १८० दिसत असले तरी तापवणाऱ्या नळीला चिकटलेला माल त्याहून बराच तापलेला असू शकतो. म्हणून थेट ज्वाळेपेक्षा गरम तेलाची नळी बरी.

टाकी कशी असावी?

उभी. आडव्या टाकीत हवेला लागणारा पृष्ठभाग मोठा असतो, माल लवकर म्हातारा होतो आणि कोपऱ्यांतला माल ढवळला जात नाही. ढवळणारे पाते तळाजवळही हवे आणि वरही. पंपाने माल फिरवत असाल तर तळातून काढून वरच्या बाजूला, पण पृष्ठभागाखाली सोडा. वरून धबधब्यासारखा पडला की हवा मिसळते.

टाकीला वर, मध्ये आणि खाली असे तीन नमुन्याचे नळ असावेत. ट्यूब बनवलेल्या मालाची परीक्षा घेते. हे तीन नळ रोजच्या मालाची घेतात. वरच्या आणि खालच्या नमुन्याची लवचिक पुनर्प्राप्ती दर सकाळी पाहिली तर थर तरंगायला लागण्याच्या कितीतरी आधी कळते.

किती दिवस ठेवता येते?

सर्वांना लागू होईल असा दिवसांचा आकडा नाही. उत्पादकाने दिलेली मुदत पाळा. काम काही दिवस थांबणार असेल तर तापमान उतरवा, कारण बिघाड उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो. वापरण्याआधी सावकाश तापवा, पूर्ण ढवळा आणि पुन्हा तपासा.

वेगळा झालेला माल परत मिसळता येतो का?

नुकताच वेगळा होऊ लागला असेल आणि पॉलिमर तुटलेले नसेल, तर जोराने फिरवून एकजीव होतो. पण तो पुन्हा वेगळा होणारच, म्हणून लगेच वापरायचा. वर कातडीसारखा जाड थर धरला असेल किंवा गुठळ्या थिजल्या असतील, तर मिलमधून काढूनही पूर्वीचा माल परत मिळत नाही. तापमान वाढवून तो ‘विरघळवण्याचा’ मोह टाळा. त्यात उरलेले पॉलिमरही तुटते.

टायरचा चुरा आणि टाकाऊ प्लास्टिकलाही हेच नियम लागू आहेत का?

दिशा वेगळी आहे. टायरच्या रबरात काजळी असते, त्याची घनता १.१५ च्या आसपास, म्हणून चुरा खाली बसतो. त्याला सतत ढवळणे लागते आणि बनवल्यावर तासांच्या हिशेबात वापरणे उत्तम. पॉलिथिलीन उलट हलके, डांबराशी जवळजवळ काहीच जुळत नाही आणि ढवळणे थांबले की काही तासांतच वर जमा होते. म्हणून ते डांबरात न घालता तापलेल्या खडीवर टाकून तिच्यावर पातळ थर बसवण्याची कोरडी पद्धत बऱ्याच ठिकाणी पसंत करतात. मग साठवणीचा प्रश्नच उरत नाही. ईव्हीए, म्हणजे इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट, मात्र मधल्या जागी आहे: त्यातले व्हिनाइल ॲसिटेट जितके जास्त, तितकी डांबराशी जुळणी सोपी, पण तितकाच ताठरपणा कमी.

नमुना प्रयोगशाळेत आणल्यावर काय सांभाळायचे?

डबा पुन्हा तापवताना एकदाच तापवा, झाकण ठेवून, आणि ओतण्याआधी तळापर्यंत ढवळा. डब्यातही तोच स्टोक्सचा नियम चालतो. वरचा अर्धा डबा ओतून एक चाचणी आणि खालच्या अर्ध्यातून दुसरी केली, तर दोन्ही आकडे खरे असूनही ते दोन वेगवेगळ्या मालांचे असतील.